चौदा स्लाइडा, १३० एमबी : आमच्या सरांना खुलं पत्र

प्रति,
मा. ज्येष्ठ सादरकर्ते सर,
शिक्षण परिषद, ता. चाकूर, जि. लातूर

विषय : आपल्या पीपीटीच्या वाढत्या वजनाबाबत.
संदर्भ : आपला रात्री पावणेअकराचा मेसेज, ‘सर, तेवढं उघडून बगा, उद्या लावायचंय.’

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, आपली पीपीटी मिळाली. म्हणजे रात्रभर मिळत राहिली. चौदा स्लाइडांना १३० एमबी. आमच्याकडं रेंज गच्चीवर येते, म्हणून मीही गच्चीवर, आणि माझ्यासोबत गावातले समस्त डास. मेलवर का धाडली नाहीत, हे विचारण्यात अर्थ नव्हता. जीमेल २५ एमबीच्या पुढची फाइल जोडून घेत नाही. आपली तर वेशीवरूनच परतली असती.

माझ्या नावामागं कुणीतरी ‘तंत्रस्नेही शिक्षक’ असं लावून ठेवलंय. पगारात त्याचा रुपया नाही, पण केंद्रातला प्रत्येक रुसलेला प्रिंटर तेव्हापासून माझ्या अंगावर आहे. तर त्या नात्यानं पंचनामा केला. २००७ पासूनची पीपीटीएक्स फाइल म्हणजे मुळात एक झिप असते. नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स काढून झिप लिहायचं, उघडायचं, आत ‘पीपीटी’ फोल्डर, त्याच्या आत ‘मीडिया’. आकारानुसार लावलं की चोर सगळ्यात वर येऊन बसतो.

आपल्या मीडियात असे अकरा निघाले. पहिलाच उघडला. ‘अध्ययन निष्पत्ती : संकल्पना व अंमलबजावणी’. ही अक्षरं नव्हती, अक्षरांचा फोटो होता. तोही लॅपटॉपच्या स्क्रीनचा, मोबाइलनं काढलेला! मधोमध ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, खाली टास्कबारवर वेळ, आणि काळ्या कडेत अस्पष्ट दिसणारा आपला बनियन. मग तो फोटो आपण कॉपी-पेस्ट केलात. तशा पेस्टमध्ये जेपीजीचा बऱ्याचदा पीएनजी होतो, आणि पीएनजी काहीच टाकून देत नाही. पडद्यावरचा कण न् कण, ट्यूबलाइटचा पट्टा आणि बनियन, सगळं इमानेइतबारे जपलं गेलं. एकेक चित्र ११ एमबीच्या आसपास. शेवटच्या स्लाइडवर फक्त ‘धन्यवाद’ आहे. तेही ११ एमबी. १९८७ साली पॉवरपॉइंट पहिल्यांदा मॅकिंटॉशवर आलं, तेव्हा त्या संगणकाची फ्लॉपी ८०० केबीची होती. आपले आभार मानायलाच तशा चौदा फ्लॉप्या लागल्या असत्या.

अहो, टाइप केलेला मजकूर होता तो! होता तसा ठेवला असता तर त्या अकरा स्लाइडा मिळून एक एमबीही झाली नसती. आणि ‘मग पीडीएफ करा की’ म्हटलं, तर आपलं उत्तर तयार : ‘सर, अ‍ॅनिमेशन जातं ना.’ म्हणजे ट्यूबलाइटसकट तो फोटो डावीकडून गिरक्या घेत यायला हवा.

पटाचा आलेख एक्सेलमधून उचललात, तर त्यामागं अख्खं वर्कबुक आलं. आलेखाच्या डेटावर गेलं की पालकांचे मोबाइल नंबर दिसतात. हे विनोदाचं नाही, सर.

आता, हे फोटो का काढलेत तेही मला ठाऊक आहे. मागल्या वर्षी मी परिषदेच्या हॉलमध्ये होतो. आपण सगळं नीट टाइप करून आणलं होतं, कृतिदेवमध्ये. त्या जुन्या फॉन्टात ‘क’ हा आतून इंग्रजी ‘डी’ असतो. फॉन्ट असेल तिथं तो ‘क’ दिसतो, नसेल तिथं उघडा पडतो. हॉलच्या संगणकात फॉन्ट नव्हता. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता पाचोळा, आणि मागच्या रांगेतली कालची पोरं फिदीफिदी हसली. आपण उभी हयात मराठी शिकवण्यात घातली, अर्ध्या तालुक्याला बाराखडी आपल्या हातची. कागद बाजूला ठेवून आपण तोंडी बोललात, झकास बोललात, पण त्या दिवशी चहाला थांबला नाहीत. त्यानंतर अक्षरावर भरवसा कुणी ठेवावा? फोटोतला ‘क’ निदान ‘क’च राहतो.

तेव्हा शिव्या द्यायच्याच तर त्या आपल्याला नाहीत. देवनागरीला युनिकोडमध्ये, जिथं ‘क’ आतूनही ‘क’च असतो, १९९१ सालीच जागा मिळाली. विंडोज २००० सोबत मंगल फॉन्ट आयता आला. तरीही वरून येणारे तक्ते आणि नमुने अजून जुन्या फॉन्टात, आणि तेच उघडता येत नाहीत म्हणून खुलासा मात्र आपल्याकडं मागायचा! प्रशिक्षणं ढीगभर झाली, नावं एकाहून एक चकचकीत. पण जुन्या कळपाटावर बोटं बसलेल्या माणसाशेजारी दोन तास खुर्ची टाकून ‘गुरुजी, आता असं टाइप करा’ म्हणणारा एकही साहेब मला भेटलेला नाही. लाज वाटायला हवी ती त्यांना.

असो. मूळ कृतिदेवची फाइल माझ्याकडं पाठवा, ती काही केबीचीच असेल. ती मी युनिकोडात फिरवून देतो. ती कुठल्याही हॉलात उघडेल, आणि गिरक्याही राहतील.

आपला,
केंद्रातला तंत्रस्नेही

ता. क. : वडवळ नागनाथच्या औषधी वनस्पतींच्या बेटावरच्या सहलीच्या फोटोतून आपण जुन्या केंद्रप्रमुखांना कापलंत. क्रॉप केल्यानं माणूस फक्त झाकला जातो. ‘रीसेट पिक्चर अँड साइझ’ दाबलं की ते वनस्पतींशेजारी पुन्हा हसत उभे. नव्या साहेबांनी नेमकं तेच बटण दाबायच्या आत फोटोवर क्लिक करून ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जा. ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ची टिक ठेवा, ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’ची काढा, १५० पीपीआय निवडा. वजनही उतरेल, साहेबही जातील.