सोनू कॉलेजात जात नाही म्हणे!

"अहो सुलूताई, समोरच्या वहिनींचा सोनू कॉलेजात जातच नाही म्हणे!"

कुंपणापलीकडून उत्तर लगेच आलं नाही. सुलूताई चकलीच्या भाजणीचे तांदूळ धुऊन पंच्यावर वाळत घालत होत्या, आणि हातातलं काम संपल्याशिवाय त्या बोलायला सुरुवात करत नाहीत. शेवटची मूठ पसरून झाल्यावर त्यांनी पदराला हात पुसले.

"जाणार कसा? कॉलेजच नाही त्याला. घरी बसून ए-लेव्हल करतोय, इंग्लंडची बारावी म्हण. ऑनलाइन. दोन वर्षांचं एका वर्षात."

"एका वर्षात होतं म्हणजे सोपं असणार."

सुलूताईंची अख्खी नोकरी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवण्यात गेली. त्यांच्यासमोर 'सोपं' हा शब्द जपून वापरावा लागतो.

"हिशोब कर," त्या म्हणाल्या. "ए-लेव्हलच्या एका विषयाला नुसत्या शिकवण्याचे 360 तास धरलेले असतात. मी नाही म्हणत, त्यांच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतच छापलंय. सोनूचे विषय तीन. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री. किती झाले?"

"एक हजार ऐंशी."

"ते दोन वर्षांत वाटले तर पोरगा क्रिकेटही खेळतो. 36 आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला 30 तास. आणि हे फक्त शिकवण्याचे. घरी गणितं सोडवायची, मागच्या वर्षांचे पेपर लिहायचे, ते वेगळंच."

तरीच! त्याच्या खोलीतला दिवा रात्री इतका वेळ का जळतो, याचे आमच्या गल्लीत भलतेच अर्थ लावले गेले होते. मोबाइल, गेम, झालंच तर प्रेमप्रकरण. रात्र जागवणारी केमिस्ट्री पुस्तकातली असेल, हे कोणाच्या डोक्यात आलंच नाही.

"पण ताई, तीनच विषय? मराठी नाही, इंग्रजी नाही?"

"तीनच. इंग्लंड-वेल्समध्ये 1951 पासून हेच चाललंय. सोळाव्या वर्षी मुलाला विचारायचं, बाबा रे, तुला नक्की काय करायचंय? मग तेवढंच शिकवायचं, पण खोलात जाऊन. ह्या सोनूचा ए-लेव्हल त्याचाच आंतरराष्ट्रीय भाऊ, बाहेरच्या देशांतल्या मुलांसाठी काढलेला. आणि मराठीचं म्हणशील तर केंब्रिज परीक्षा मंडळाच्या यादीत मराठीही असायची. पण ते आपल्या पोरांना सांगायला जातंय कोण?"

मग सोनूची खरी कथा बाहेर आली. वडील मस्कतला होते. तिथे त्याचं आयजीसीएसई झालं, म्हणजे आपल्या दहावीच्या जवळपासचं. मध्येच नोकरी सुटली आणि सगळे नाशिकला परत आले, तोवर इथले अकरावीचे प्रवेश उरकले होते. आता वर्ष फुकट घालवायचं की घरून काहीतरी करायचं? वहिनींनी काहीतरी करायचं ठरवलं. नातेवाइकांना मात्र त्या अजूनही "कॉलेज सुरू आहे" एवढंच सांगतात. कुठलं कॉलेज असं विचारलं की लगेच चहा टाकायला उठतात. इतका चहा आमच्या गल्लीत दुसऱ्या कुठल्याच घरी मिळत नाही.

"मग एका वर्षात बसतं कसं?"

"तुकडे पाडून. हा केंब्रिजचा नव्हे, पिअर्सन ह्या दुसऱ्या मंडळाचा एडेक्सेलवाला अभ्यासक्रम. प्रत्येक विषयाची सहा युनिटं. परीक्षेचे हंगाम वर्षात तीन: जानेवारी, मे-जून आणि ऑक्टोबर. झालं युनिट की दे परीक्षा आणि लाग पुढच्याला. केंब्रिजचे मुख्य हंगाम दोन, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. शिवाय एक मार्चचा, तो खास भारतासाठी."

"म्हणजे ऑक्टोबरात, ऐन फराळाच्या दिवसांत परीक्षा?"

"त्यांना आपल्या करंज्यांचं काय पडलंय!"

मला मात्र दुसरीच शंका छळत होती. ऑनलाइन केमिस्ट्री म्हणजे काय? वहिनींच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ब्युरेट उभी करून टायट्रेशन?

सुलूताई हसल्या. "तिथेच तर मेख आहे. केंब्रिजकडून केलं असतं तर प्रयोगाचा पेपर खऱ्या प्रयोगशाळेत उभं राहून द्यावा लागला असता, आणि बाहेरून बसणाऱ्या मुलाला आपली प्रयोगशाळा देणारं केंद्र मिळायची मारामार. एडेक्सेलच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत तिसरं आणि सहावं युनिट प्रयोगाचं असतं, पण लेखी. आकृती देतात, आकडे देतात, चूक कुठे झाली ते ओळख म्हणतात. घरी शिकणारी पोरं म्हणून तिकडे वळतात."

"म्हणजे हातात परीक्षानळी न धरता केमिस्ट्री पास?"

"पास. मला विचारशील तर हे काही बरं नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी लॅबमध्ये उभं केल्यावर कळेल. पण नियमात बसतं."

गणिताच्या पूर्ण ए-लेव्हलला ए-स्टार, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, मिळवायला काय लागतं, तेही सुलूताईंना पाठ. एकूण 600 पैकी 480 हवेतच, शिवाय शुद्ध गणिताच्या शेवटच्या दोन युनिटांत मिळून 200 पैकी 180. म्हणजे सोप्या युनिटांवर गुणांची पुंजी जमवून वर चढता येत नाही. "हे मला आवडलं," त्या म्हणाल्या, आणि सुलूताईंना परीक्षेतलं काही आवडलं ही गल्लीच्या दृष्टीने बातमीच आहे.

एवढ्यात वहिनी गेटपाशी दूधवाल्याचा हिशोब करताना दिसल्या. आम्ही दोघींनी काही वेळ तांदळाकडे बघितलं. त्या आत गेल्यावर मी विचारलं, "मग घोडं अडलंय कुठे? वहिनींचा चेहरा का उतरलेला असतो?"

"तारखांवर. शिकवणाऱ्या कंपनीने सांगितलं, आमच्याकडे वर्षभरात होतं. होतं ना, शिकवून होतं. व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहता येतात. पण परीक्षा घरी बसून नाही देता येत. कागदावर, नोंदणी असलेल्या केंद्रात जाऊनच द्यावी लागते. नाशिकहून मुंबई नाहीतर पुणं. आणि नावं नोंदवायची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. एका केंद्राने तर बाहेरची मुलं घेतच नाही म्हणून सांगितलं. फी भरून झाल्यावर हे कळलं."

"अगबाई!"

"पुढचं ऐक. ऑक्टोबरचा निकाल लागतो जानेवारीत. तोवर जानेवारीची परीक्षा दारात आलेली असते आणि नोंदणी बंद. ऑक्टोबरात एखादं युनिट गडबडलं तर ते सुधारायला थेट मे-जून. त्याचा निकाल ऑगस्टात. झालं की मग एका वर्षाचं दीड वर्ष!"

हे मात्र वहिनींना कोणीच समजावून सांगितलं नव्हतं. जाहिरातीत 'वेगवान' हा शब्द मोठ्या अक्षरात होता, तारखांचा तक्ता नव्हता.

"आणि सगळी युनिटं झाली की निकाल आपोआप हातात पडतो असं नाही हं. 'कॅश-इन' करावं लागतं."

"बँकेत?"

"अगं नाही! माझे सगळे गुण एकत्र करा आणि ए-लेव्हलची श्रेणी द्या, असं केंद्रामार्फत वेगळं सांगावं लागतं. शाळेतल्या मुलांचं शाळा बघते. घरच्या मुलाने स्वतः लक्ष ठेवायचं."

घरून शिकणाऱ्याला शाळा नसते, म्हणजे घंटा नसते, गणवेश नसतो, हे आपल्याला लगेच दिसतं. त्याच्या वतीने सही करणारंही कोणी नसतं, हे उशिरा कळतं. 2020 साली कोरोनात ए-लेव्हलच्या परीक्षा रद्द झाल्या आणि शाळांनी दिलेल्या अंदाजांवरून श्रेणी ठरल्या. बाहेरून बसणाऱ्या कित्येक मुलांचा अंदाज द्यायला कोणी नव्हतंच, ती तशीच लटकली. आजही इंग्लंडच्या विद्यापीठांना अर्ज करताना अपेक्षित श्रेणी आणि शिफारसपत्र लागतं. ऑनलाइन संस्था ते देते की नाही, आणि कशाच्या जोरावर देते, हे विचारायला हवं. काही विद्यापीठं, विशेषतः वैद्यकीय शाखेची, तिन्ही विषय एकाच हंगामात पूर्ण केलेले मागतात. वर्षभरात पटापट उरकणाऱ्याला हे उलट सोयीचं. तुकडे ताणत बसणाऱ्याला अडचणीचं.

"सोनू इंग्लंडला शिकायला जाणार तरी किती वर्षांचा असताना?" मी विचारलं.

"सतरा. अठरा पूर्ण नसतील तर ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला आईबापांची लेखी संमती लागते. ती देतील वहिनी. पण मनाने देतील का, ते विचारू नकोस."

"आणि समजा नाहीच गेला? इथेच पुण्यात प्रवेश घेतला तर?"

"तर दिल्लीच्या असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजची समकक्षता बघावी लागते. ए-लेव्हल आपल्या बारावीच्या बरोबरीचा धरतात, पण विषय किती, शिक्षणाची वर्षं किती, शिकलास कुठे, हे प्रश्न येतात. घरी शिकून वर्षात केलेलं चालेल का, हे असोसिएशनकडून आणि ज्या कॉलेजात जायचंय तिथून लेखी घ्यायला मी वहिनींना कधीची सांगतेय. तोंडी 'हो हो, चालतं' म्हणणारे खूप भेटतात."

मला सगळं ऐकून सोनूची कीवच आली. गणपतीत त्याच्याबरोबर आरतीला उभं राहायला वर्गातलं एकही पोर नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्याचे वर्गमित्र म्हणे नैरोबीत, शारजात आणि कोलंबोत बसलेले.

"मग ताई, तुमचं मत काय? चूकच केली ना वहिनींनी?"

"छे! पोरगा हुशार आहे, आपणहून बसतो, वर्ष वाचतंय. त्याच्यासाठी ठीक आहे. ज्याला आईने दर तासाला 'झालं का रे?' विचारावं लागतं, त्याने ह्या वाटेला जाऊ नये, त्याने दोन वर्षं घ्यावीत आणि सुखाने जगावं. वहिनींचं चुकलं ते एवढंच, की आधी कोर्स घेतला आणि मग केंद्र शोधलं."

तर बायांनो आणि बाप्यांनो, तुमच्या घरी किंवा नात्यात असा कोणी सोनू असेल, तर कंपनीचा पहिला हप्ता भरण्याआधी जवळच्या परीक्षाकेंद्राला फोन लावा. बाहेरची मुलं घेता का, कोणत्या महिन्यात कोणती युनिटं, नोंदणीची शेवटची तारीख कोणती, हे विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि समोरच्या वहिनींना ह्यातलं काहीही माझ्याकडून कळलं, असं सांगू नका.