हाताचा कौल

मेलबर्नला लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या कुडाळच्या एका आजींना तिसऱ्याच आठवड्यात अपचन झालं. कारण उघड होतं. लेकीने प्रेमाने, नातवाने कौतुकाने आणि जावयाने धाकाने जे जे पुढे केलं, त्यातल्या कशालाच त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. पण शेजारणीने सुचवलं, "कायनेसिऑलॉजिस्टला दाखवा." नाव इतकं भारदस्त, की आजींना वाटलं हा पोटाचा मोठा सर्जनच असणार. त्या जुने रिपोर्ट, दोन एक्स-रे आणि गोळ्यांची पिशवी घेऊन गेल्या. पिशवी तिथे कोणी उघडलीच नाही.

खोलीत मिठाच्या दगडाचा दिवा, निलगिरीचा वास आणि टेबलावर काचेच्या चिमुकल्या कुप्यांची रांग. उपचार करणाऱ्या बाई हसऱ्या होत्या. त्यांनी आजींना उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर ताठ धरायला सांगितला, मनगटाच्या जरा वर दोन बोटं ठेवली, "होल्ड" म्हटलं आणि दोन सेकंद दाब दिला. हात हलला नाही. मग स्वतःचं खरं नाव घ्यायला सांगितलं; हात ताठ. मग खोटं नाव घ्या म्हणाल्या. आजींनी जरा विचार करून विहीणबाईंचं नाव घेतलं. हात झरकन खाली आला. म्हणजे यंत्र नीट जुळलं. ताठ हात म्हणजे 'हो', पडलेला हात म्हणजे 'नाही'.

पुढे डाव्या हातात एकेक कुपी आणि उजव्या हातावर दोन बोटं. बटाटा: ताठ. ब्रोकोली: ताठ. मासे: खाली. नारळ: खाली. लेक दुभाषी म्हणून बसली होती, तिचा आवाज इथे बारीक झाला. मालवणी बाईचे मासे आणि नारळ दोन्ही बंद केल्यावर खाण्यापिण्यात उरतं काय, तर पाणी. तेही शहाळ्याचं नाही.

परतताना गाडीत आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगो, ह्यो तर कौलच मगे!"

आजींचं निदान अचूक होतं. तळकोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. गाऱ्हाणं घालून मूर्तीवर फुलांच्या कळ्या किंवा पाकळ्या पाण्याने चिकटवतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आजींनी अनुभवलेल्या या 'होलिस्टिक कायनेसिऑलॉजी'त मूर्तीच्या जागी आपला देह असतो आणि कळीच्या जागी दंड. फरक एवढाच, की कौल घेताना गुरव देवाच्या हातावर दोन बोटं ठेवून दाबत नाही.

या विद्येचा उगम अमेरिकेत, मोटारींच्या डेट्रॉइट शहरात. तिथले कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांवर हाताने उपचार करणारे, जॉर्ज गुडहार्ट यांच्याकडे १९६४ साली एक तरुण आला. त्याला पुढे जोर लावून ढकलता येत नव्हतं आणि खांद्याचं पातं मागे पंखासारखं उचललेलं होतं. गुडहार्टनी पातं धरून ठेवणाऱ्या बरगड्यांवरच्या स्नायूच्या टोकाशी लागलेल्या गाठी दाबल्या आणि स्नायूत जोर आला, असं त्यांनी सांगितलं. इथवर गोष्ट स्नायूची होती. पण पुढे तिने अवयवांच्या घरी मुक्काम ठोकला. एकेक स्नायू एकेका अवयवाला आणि चिनी वैद्यकातल्या मेरिडियनला, म्हणजे प्राणशक्तीच्या मानलेल्या वाटेला, जोडला गेला. गुडहार्ट यांच्याच वर्तुळातल्या जॉन थी यांनी १९७३ मध्ये 'टच फॉर हेल्थ' हे पुस्तक काढलं आणि चौदा स्नायू, चौदा मेरिडियन असा तक्ता सामान्य माणसाच्या हाती दिला. त्यात मांडीच्या पुढचे स्नायू लहान आतड्याच्या वाट्याला गेले आणि छातीचा वरचा स्नायू जठराच्या. म्हणजे दादरचा पूल चढताना मांड्या भरून आल्या, तर दोष पायऱ्यांकडून थेट आतड्याकडे वर्ग.

तान्ह्या बाळाची तपासणीही होते. बाळ हात ताठ धरत नाही, म्हणून आई बाळाला स्पर्श करते आणि दंड आईचा दाबतात. याला 'सरोगेट टेस्टिंग' म्हणतात. कुत्र्यामांजरांसाठीही हीच सोय आहे. मांजराच्या वतीने मालकीणबाई हात धरतात. मांजर मात्र निकालाला बांधील नसतं.

नावामुळे मोठा घोळ होतो. विद्यापीठांतून शिकवतात ती कायनेसिऑलॉजी म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, ते वेगळं. आडनाव एक असलं म्हणून भावकी एक नसते. स्नायूंची तपासणीही खरीखुरी आहे. बोस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट लव्हेट यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी पोलिओच्या रुग्णांचे स्नायू तपासण्याची पद्धत १९१२ साली छापून प्रसिद्ध केली. आजही अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या उशाशी फिजिओथेरपिस्ट ० ते ५ असे गुण देतात. नुसतं आकुंचन दिसलं तर १, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात उचलला तर ३, पूर्ण जोर पेलला तर ५. पण ते स्नायूला स्नायूबद्दलच विचारतात. नारळ चालेल का, असं त्याला विचारत नाहीत.

मग आजींचा हात पडला कसा? यात पहिला वाटा तरफेचा. घरातलं दार बिजागरीजवळ ढकलून पाहा आणि मग कडीजवळ ढकलून पाहा. हाताची बिजागरी खांद्यात. दाबणारी बोटं कोपराकडून मनगटाकडे दोन इंच सरकली, की तेवढ्याच जोराने हात खाली येतो. बोटं सरकल्याचं दाबणाऱ्यालाही कळत नाही. शिवाय दाब कधी येणार हे एकदा अनुभवलं, की दुसऱ्या वेळी माणूस आधीच सावरून उभा राहतो.

या तरफेवर एका कंपनीने मोठा धंदा केला. 'पॉवर बॅलन्स' नावाचा, होलोग्राम लावलेला सिलिकॉनचा पट्टा. आधी पट्टा नसताना हात दाबून माणसाला डगमगवायचं, मग पट्टा घालून तो कसा ताठ राहतो ते दाखवायचं. बास्केटबॉलपटू शकील ओनील जाहिरातीत होता. डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगापुढे कंपनीला कबूल करावं लागलं, की आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या स्टेडियमला कंपनीचं नाव लागलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोल सांभाळणाऱ्या पट्ट्याचा स्वतःचाच तोल गेला.

दुसरा वाटा मनाचा. विल्यम कार्पेंटर या इंग्रज वैद्याने १८५२ मध्ये त्याला 'आयडिओमोटर' हे नाव दिलं. मनात अपेक्षा असली, की स्नायू आपल्याला न विचारता बारीक हालचाल करून टाकतात. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडे यांनी मृतात्म्यांच्या नावाने फिरणारी टेबलं तपासली. हात आणि टेबल यांच्यामध्ये त्यांनी मऊ गोंदाने चिकटवलेल्या पुठ्ठ्यांची चळत ठेवली. टेबलाआधी हात सरकतात, हे त्यावरून दिसलं. बसलेली मंडळी लबाड नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की टेबल फिरतंय. मराठी घरांत नि वसतिगृहांत प्लँचेटची वाटी याच कारणाने फिरली. उन्हाळ्यात पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहतो, त्यातही हेच चालतं. नारळाला बोअरवेलचा पत्ता माहीत असतो, यावर विश्वास ठेवून शेतकऱ्याने हजारो रुपये खड्ड्यात घातल्याच्या कहाण्या गावोगाव ऐकायला मिळतात.

ओरेगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांनी १९९९ मध्ये एक किस्सा लिहून ठेवला. काही कायरोप्रॅक्टर मंडळींनी त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक केलं. जिभेवर 'वाईट' ग्लुकोजचा थेंब ठेवला की हात पडायचा, 'चांगल्या' फ्रुक्टोजचा ठेवला की ताठ. मग बाटल्यांवरची नावं अशी लपवली, की दाबणाऱ्यालाही कळू नये आणि दबणाऱ्यालाही. सगळा फरक विरघळला. त्यावर त्यांचा म्होरक्या निरागसपणे म्हणाला, की म्हणूनच आम्ही अशा चाचण्या करायचं सोडून दिलं. त्या कधी यशस्वीच होत नाहीत.

मेलबर्नच्या घरी ही गोष्ट जावयाने वाचून दाखवली आणि रविवारी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. स्टीलचे दोन सारखे डबे. एकात खोवलेला नारळ, दुसऱ्यात पोहे. तराजूवर वजन सारखं केलेलं. आधी झाकणं उघडी ठेवून. नारळाच्या डब्याला प्रत्येक वेळी आजींचा हात खाली. मग डबे फडक्यात बांधले. जावई आतल्या खोलीत नाणं उडवून डबा निवडणार, नातू तो आणून आजींच्या डाव्या हातात देणार, लेक उजवा हात दाबणार. वीस फेऱ्या झाल्या, नऊ बरोबर आल्या. नातवाने मध्येच रिकामा डबा दगड घालून, बांधून आणला होता. त्यालाही हात खाली आला. म्हणजे आजींना दगडाचीही ॲलर्जी.

"तिना नारळाक जास्त जोर लावल्यान," आजींनी निकाल दिला. पण उपचार करणाऱ्या बाईंबद्दल त्या वाईट बोलल्या नाहीत. तासभर कोणी गुडघ्यांचं गाऱ्हाणं मध्ये न तोडता ऐकलं, हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडलं होतं. पैसे त्याचेच समजावेत, असं त्यांचं मत पडलं. ते पैसे लेकीच्या खिशातून गेले. १ एप्रिल २०१९ पासून ऑस्ट्रेलियात खासगी आरोग्य विम्यातून ज्या सोळा उपचारांना वगळलं, त्यांत कायनेसिऑलॉजी होती. त्याच यादीत योगही होता, म्हणून जावई फार मोठ्याने हसला नाही.

हसण्यावारी न्यायची नाही ती बाब ॲलर्जीची. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य संस्थेने मुलांच्या अन्न-ॲलर्जीबद्दल २०११ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिने निदानासाठी कायनेसिऑलॉजी वापरू नका असं स्पष्ट म्हटलं. मुलाला शेंगदाण्याची खरी ॲलर्जी असेल आणि दंडाने 'चालेल' म्हटलं, तर प्रसंग जिवावरचा आहे. शंका असेल तर डॉक्टरकडे जावं. त्वचेवर टोचून किंवा रक्तातून करायच्या तपासण्या आहेत.

आणि घरी गंमत म्हणून करून पाहणार असाल तर जरूर पाहा. फक्त डबे बांधणाऱ्याला खोलीबाहेर बसवा, आणि नातवाच्या हाती दगड लागू देऊ नका.