रूट कॉज : लग्न

त्या गाण्यात एक मिनिट बेचाळीस सेकंदांवर ‘किर्र’ असा आवाज येतो. पहिलं कडवं संपतं, गिटारवाल्याचा डावा हात एका कॉर्डवरून दुसरीवर सरकतो, बोटं तारांना घासतात आणि किर्र होतं. सगळं मिळून पाव सेकंद. या पाव सेकंदावरून पुण्याजवळ निगडीपासून चाकणपर्यंत सरळ दोन तट पडले आहेत. मोशीच्या एका सोसायटीत तर ए विंग आणि बी विंग पार्किंगमध्येही एकमेकांशी बोलेनाशा झाल्या आहेत.

बँड कुठला ते सांगत बसत नाही, प्रत्येक भागात असा एक असतोच. चौघंही दिवसा नोकरी करतात आणि गुरुवारच्या सुट्टीला भोसरीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात आदळआपट करतात. शेजारच्या शेडमधल्या पॉवर प्रेस त्या दिवशी बंद असतात, म्हणून गुरुवार. आजवरची त्यांची सगळी गाणी व्यवस्थेवर चिडलेली होती. व्यवस्था म्हणजे बहुधा एचआर. आता त्यातल्या एकाचं लग्न ठरलं, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर बंद करून दोन साध्या गिटारींवर प्रेमगीत केलं गेलं. ड्रमरच्या वाट्याला शेवटच्या कडव्यात एक खुळखुळा आला आहे. चार माणसांत काम दोघांचं, मग मॅनपॉवर युटिलायझेशनचं काय, असा मुद्दाही निघाला होता, पण किर्रपुढे तो टिकला नाही.

पहिला तट म्हणतो, किर्र हवीच. ही मंडळी वाकड, पिंपळे सौदागरकडची. त्यांच्या मते जग फार गुळगुळीत झालं आहे, गाणी यंत्रं करतात, सूर यंत्रं सुधारतात, आणि अशा दिवसांत जिवंत बोट जिवंत तारेवर घासल्याचा हा एकमेव पुरावा उरला आहे. गाण्याचा आत्मा म्हणे तिथेच आहे. एकाला किर्रच्या आधी गिटारवाल्याचा श्वास ऐकू आला. दुसऱ्याला त्या श्वासाच्या आधीची शांतता ऐकू आली. ज्या हेडफोनमधून ती ऐकू आली त्याचे हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळे त्याला ती ऐकू येणं भागच होतं.

दुसरा तट म्हणतो, किर्र हा डिफेक्ट आहे. हा तट मोठा आहे, कारण आपला पट्टा गाड्या बनवतो. इथे एनव्हीएच नावाचा अख्खा विभाग असतो. आवाज, थरथर आणि खडखड यांच्यामागे हात धुऊन लागणं हेच त्याचं काम. डॅशबोर्डच्या मागे कुठली क्लिप कुठल्या प्लास्टिकला घासते, हे ओळखण्यासाठी ही माणसं पुणे-नाशिक रस्त्यावर काचा वर करून, एसी बंद करून, कान टवकारून फिरतात. किर्र शोधण्याचाच ज्याला पगार मिळतो, त्याला प्रेमगीत ऐकवल्यावर दुसरं काय ऐकू येणार? अशाच एकाची बायको गाणं संपल्यावर डोळे पुसत म्हणाली, “किती मनापासून गायलंय ना!” तो म्हणाला, “सोर्स डाव्या बाजूला आहे.”

मग व्हायचं तेच झालं. रविवारी प्राधिकरणातल्या एका फ्लॅटमध्ये बैठक बसली. व्हाइटबोर्ड होता. एकाने घरात व्हाइटबोर्ड का ठेवला आहे हे कुणीही विचारलं नाही, कारण सगळ्यांच्याच घरात आहे. आधी व्हाय-व्हाय झालं. किर्र का आली? बोट तारेवर घासलं. बोट का घासलं? हात सरकला. हात का सरकला? कॉर्ड बदलली. कॉर्ड का बदलली? गाण्यातली भावना बदलली. भावना का बदलली? लग्न ठरलं. पाच ‘का’ पूर्ण झाले आणि रूट कॉज निघाला : लग्न. त्यावर काऊंटरमेजर काय, यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. एकाने फक्त स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

मग कारणं मांडायला माशाचा सांगाडा काढला. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड. मटेरियलच्या काट्यावर अभ्यास खरोखर चांगला झाला, हे मान्य करायला हवं. अशा गिटारच्या सहा तारांपैकी जाड चार तारांभोवती काशाची बारीक तार गुंडाळलेली असते. त्या वेढ्यांवरून बोट सरकलं की कातडी एकेका वेढ्याला अडखळते आणि किर्र होतं. हात जितका झपाट्याने सरकेल तितकी किर्र वरच्या पट्टीत जाते. उरलेल्या दोन बारीक तारा नुसत्या पोलादी, त्यांना क्लीन चिट मिळाली. जाड चार तारांच्या सप्लायरला बोलवा, असा ठराव झाला. सपाट वेढ्यांच्या तारा मिळतात, लेप दिलेल्याही मिळतात, पण त्यांनी आवाजाची चमक थोडी मरते, असं कुणीतरी सांगितलं. चमक ड्रॉइंगमध्ये दाखवलेली नाही, असं त्याला उत्तर मिळालं. मेथडच्या काट्यावर आलं : हात सरकवू नये, उचलून ठेवावा. पोका-योके, म्हणजे चूक होऊच नये अशी सोय, म्हणून गिटारवाल्याच्या बोटांना रबरी टोप्या सुचवल्या गेल्या. मग कुणीतरी पीपीएम काढला. चार मिनिटांच्या गाण्यात पाव सेकंद म्हणजे दहा लाखांत १०४२. खोलीत एकदम गंभीर शांतता पसरली. “कस्टमर दहाच्या वर घेत नाही,” एक सीनियर मॅनेजर हळूच म्हणाले. कस्टमर कोण, हे विचारल्यावर त्यांनी ज्या मुलीशी लग्न ठरलं आहे तिचं नाव घेतलं. तिला गाणं आवडलं आहे, असं गिटारवाला काकुळतीने सांगत होता, पण त्याच्याकडे तिचं लेखी अ‍ॅप्रूव्हल नव्हतं. शेवटी दोषनिवारणाचा आठ पानी एट-डी अहवाल तयार झाला. त्यातली तातडीची तात्पुरती उपाययोजना अशी की श्रोत्यांनी गाणं १:४१ ला थांबवावं आणि १:४३ पासून पुढे ऐकावं.

पहिल्या तटाने याला उत्तर म्हणून जपान काढलं. जपानी लोक म्हणे फुटलेली वाटी सोन्याने सांधतात आणि ती भेग मिरवतात. दुसऱ्या तटातला एक जण कंपनीतर्फे जपानला ट्रेनिंगला राहून आला आहे. तो म्हणाला, “मी तिथेच होतो. फुटकी वाटी लाईनवर आलीच कशी, यावरच त्यांनी आम्हाला रात्री नऊपर्यंत बसवलं असतं.”

बँड घाबरला. त्यांनी सॉफ्टवेअरने किर्र पुसून गाण्याचं रेव्हिजन बी बाजारात आणलं. पहिला तट खवळला, आत्मा काढून घेतला म्हणून. दुसरा तट त्याहून खवळला, कारण रेव्हिजन ए ज्यांच्या फोनमध्ये आधीच गेलंय त्या मालाचं काय? रिकॉल कोण करणार? शिवाय बीमध्ये किर्रच्या जागी पाव सेकंद काहीच ऐकू येत नाही, आणि ते ‘काहीच नाही’ फार जाणवतं, असं आता दोन्ही तटांचं एकमताने म्हणणं आहे.

हे सगळं चालू असताना चहाच्या टपरीवर कुणीतरी हे गाणं फोनवरून एका काकांना ऐकवलं. काका म्हणजे त्या रिहर्सलच्या गाळ्याशेजारच्या शेडमधले ऑपरेटर. उभी हयात प्रेसवर गेलेली. त्यांनी फोन कानाला चिकटवून, डोळे मिटून, पूर्ण चार मिनिटं गाणं ऐकलं. “पोरगं जीव लावून गातंय,” म्हणाले. “आणि ती किर्र, काका?” “कुठली किर्र?” पुन्हा लावलं. आवाज पूर्ण वाढवला. काकांनी मान हलवली. दोन्ही तट पहिल्यांदाच एकत्र हसले. काकांची नोंद ‘कॅज्युअल लिसनर’ या रकान्यात झाली.

इथे माझं विनोदाचं दुकान बंद होतं.

काकांना किर्र ऐकू येत नाही, कारण काकांचे कान गेले आहेत. गोंगाटाने माणूस ठार बहिरा होत नाही, तसा झाला असता तर निदान कुणाच्या लक्षात तरी आलं असतं. गोंगाट आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं खातो. बोलणं ऐकू येतं, ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, म्हणून माणूस समजतो की कान ठीक आहेत. जातं ते वरचं, बारीक, तीक्ष्ण : ‘स’ आणि ‘श’मधला फरक, नातीची कुजबूज, आणि हो, गिटारच्या तारेवरची किर्र. कारखान्याच्या नियमांत आवाजाची मर्यादा छापलेली आहे. ९० डेसिबलच्या आवाजात आठ तास, ९५ असेल तर चार, १०० असेल तर दोनच. कापाकापीची आणि ठोकाठोकीची कामं चालतात तिथे हे आकडे गाठायला काही विशेष करावं लागत नाही, आणि शिफ्ट मात्र ओव्हरटाईम धरून बारा तासांची असते. हा हिशेब मांडायला व्हाइटबोर्ड लागत नाही. गोंगाटाने येणारं बहिरेपण कारखाना कायद्याने कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत केव्हाच घातलं आहे. कळवतं कोण? मोठ्या आवारात वर्षातून एकदा व्हॅन येते, माणसाला डबीएवढ्या खोलीत बसवून कानाचा आलेख काढते, आणि चार हजारावर खड्डा पडलेला तो आलेख फाईलला लागतो. ती फाईल ऑडिटच्या दिवशी टेबलावर असते, एरवी कपाटात. लहान शेडमध्ये व्हॅन येत नाही. ठेकेदाराच्या माणसाला तर आलेखही नाही; तो दर काही महिन्यांनी कागदावर नवा होतो, कान मात्र जुनेच घेऊन येतो. कुणी विचारलं की मालक आणि ठेकेदार दोघंही कानावर हात ठेवतात. निदान त्यांचे तरी त्यामुळे वाचत असतील. बाकी इअरप्लग दिले आहेत, मिळाल्याची सही रजिस्टरमध्ये आहे. ते घातले तर सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही म्हणून बोलणी खायची, नाही घातले तर सेफ्टीवाला फोटो काढतो. म्हणून कापसाचा बोळा. तो घरून आणायचा.

आणि या शेडमध्ये ठोकतात काय? गाडीचे पत्रे. दाराचे कंस, तळाच्या पट्ट्या. हेच पत्रे पुढे मोठ्या कारखान्यात जाऊन गाडी होतात, आणि ती गाडी एका खोलीत जाते जिथे भिंतींना फोमचे सुळके लावलेले असतात, आवाज परत फिरू नये म्हणून. तिथे पंधरा-वीस मायक्रोफोन लावून, चष्मेवाली हुशार मुलं दिवसच्या दिवस ऐकतात, की हे दार लावताना कस्टमरच्या कानाला जरा तरी खटकतंय का. दार कसं वाजतं याचे आलेख आहेत. दार ठोकणाऱ्याला काय ऐकू येतं याचा नाही. दाराचा ‘धप्प’ हवा तसा लागेपर्यंत रबर बदलतात, स्क्रू बदलतात, प्रसंगी डाय बदलतात. माणूस बदलायचा तर ठेकेदाराला एक फोन पुरतो.

घराचंही तेच. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात, औद्योगिक भागात दिवसा ७५ डेसिबल, निवासी भागात ५५, रात्री दहानंतर निवासी भागात ४५. आता चिखली, तळवडे, कुरुळी, नाणेकरवाडी अशा गल्ल्यांत खाली गाळा आणि वर भाड्याच्या खोल्या, एका खोलीत तीन शिफ्टची सहा पोरं. खाली ७५ आणि वर ५५, तर जिना कोणत्या झोनमध्ये येतो? रात्रपाळी करून आलेला पोरगा दिवसा झोपतो, त्याला दिवसाचे डेसिबल लावायचे की रात्रीचे? यावर मी तरी एकाही पांढऱ्या बोर्डावर मासा पाहिला नाही. चाकणच्या तळेगाव चौकात पुढचा ट्रक जागचा हलणार नाही हे दिसत असताना मागून हॉर्न दाबून धरणाऱ्या गाडीतही, बघा, आत एक बारीक किर्र न सहन होणारा माणूस बसलेला असतो. विसर्जनाला डीजेच्या भिंतीसमोर फोन उंच धरून नाचणाराही तोच. दुसऱ्या दिवशी हाच गाण्यातल्या पाव सेकंदावर आठ पानं लिहितो.

तेव्हा दोन्ही तटांना माझी एक सूचना आहे. पुढची बैठक प्राधिकरणात नको, भोसरीत घ्या. शंभर टनी दोन प्रेसच्या मध्ये चार खुर्च्या मावतात. फर्स्ट शिफ्ट, सकाळी सात ते दुपारी साडेतीन. कानात काही घालायचं नाही, कापूससुद्धा नाही. स्पीकरवर ते गाणं सारखं लावून ठेवा, ए आणि बी दोन्ही रेव्हिजन आलटून पालटून. साडेतीनला ज्याला किर्र अजून ऐकू येत असेल, त्याने फॉर्मवर ‘आत्मा’ किंवा ‘डिफेक्ट’ यांपैकी एकावर खूण करावी आणि कंपनीच्या बसने खुशाल घरी जावं. सही घ्यायला काका तिथेच असतील. त्यांना ओव्हरटाईम आहे.