झाडाला बांधलेली पुडी

आमच्या सोसायटीच्या आवारात एक डाळिंब आहे. ते लावलं कोणी, हे कोणालाच आठवत नाही. फळं कोण नेतं, हे मात्र सगळ्यांना पाठ आहे. तळमजल्यावरच्या काकू. झाड सोसायटीचं, फळं काकूंची, अशी वर्षानुवर्षांची वाटणी. गेल्या पावसाळ्यात मी ठरवलं, आपलंही एक हवं आणि ते याच चवीचं. बी लावण्यात अर्थ नव्हता. बियांची पोरं आईवर जातीलच याचा भरवसा नाही. राहता राहिलं गुटी कलम.

ऐकायला अगदी सोपं. पेन्सिलीएवढी जाड फांदी धरायची, इंचभर साल बांगडीसारखी गोल काढायची, उघड्या भागावर ओलं शेवाळ लपेटायचं, वर प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना दोरा. पाणी लाकडातून वर चढतच राहतं, म्हणून फांदी वाळत नाही. पानांनी केलेली साखर सालीतून खाली उतरते, तिची मात्र वाट बंद. ती तिथेच तुंबते आणि त्या जागी मुळं फुटतात. म्हणजे पोराने घरी पगार द्यायचा नाही, डबा मात्र आईकडूनच घ्यायचा.

घरात सापडला तो काळा दोरा घेऊन मी पाच पुड्या बांधल्या. त्या दिवशी दिव्याची अवस आहे, हे मला नंतर कळलं. काकूंना आधीच माहीत होतं. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर फोटो आला, ‘हे कोणी केलंय?’ मी गप्प राहिलो. सकाळी बघतो तर झाडावर सहावी पुडी. जवळ जाऊन पाहिलं, तर लिंबू-मिरची. मग कबुली देणं आलंच. सेक्रेटरींनी माझ्याकडून ‘सामाईक झाडास पुन्हा न विचारता बांधणार नाही’ असं लिहून घेतलं.

दीड महिना मी रोज त्या पुड्या दाबून पाहिल्या. एक खारीने फाडली, दोनांत मुंग्यांनी बिऱ्हाड केलं. उरलेल्या दोन उघडल्या, तर मुळाचा पत्ता नाही! साल परत जुळून आलेली. आमच्या गल्लीतला एकही खड्डा इतका सफाईने बुजलेला मी पाहिलेला नाही.

रोपवाटिकेतले मामा सांगोल्याकडचे, डाळिंबातच वाढलेले. फांदी हातात घेऊन म्हणाले, “साल काढली, पन खालचं बुळबुळीत कोन खरवडनार? त्येच्यातूनच साल पुन्ना धरती.” आणि रोज दाबायचं नाही, हेही सांगितलं. म्हणाले, “भाकरी हाय का ती?”

रीतसर अर्ज करून मी पुन्हा दोन बांधल्या. चाकूच्या पाठीने लाकूड कोरडं लागेपर्यंत खरवडलं, वरच्या कडेला मुळं फुटायची पावडर लावली आणि हात खिशात ठेवले. दिवाळीच्या आसपास एका पुडीत प्लॅस्टिकला आतून चिकटलेल्या पांढऱ्या शेवया दिसल्या. काही पिवळसर पडेपर्यंत थांबलो, मग पुडीच्या खाली कात्री चालवली, निम्मी पानं उतरवली आणि शेवाळ न सोडवता रोप कुंडीत लावून सावलीत ठेवलं.

काकू मुद्दाम जिना चढून बघायला आल्या. कुंडीभोवती एक फेरी मारली, पानाला बोट लावलं.

“छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “झाड तुमचं.”