अर्ध्या बाहीची गुणवत्ता

अफजलपुरात परगावचा माणूस थांबतो तो गाणगापूरची गाडी विचारायला. आमची ख्याती एवढीच. पण २०२३ च्या ऑक्टोबरात थेट बेंगळुरूच्या पेपरांत आमचं नाव झळकलं. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या एका भरती परीक्षेत कलबुर्गी-यादगीरकडे उमेदवारांजवळ ब्लूटूथ सापडलं आणि मुख्य आरोपी म्हणून ज्याचं नाव आलं तो आमच्याच तालुक्यातला. खिडकीखाली उभं राहून मामाने भाच्याला चिठ्ठी फेकायची, हा आमचा जुना कुटीरोद्योग त्या दिवशी बसला तो बसलाच.

प्राधिकरणाने रोगाचं मूळ लगेच शोधून काढलं: बाही. नोव्हेंबरच्या पेपरांना पूर्ण बाह्यांचे शर्ट बंद, दागिने बंद. मंगळसूत्राला आणि जोडव्यांना तेवढी सूट. सौभाग्यालंकार कॉपी करत नाहीत, यावर सरकारचा विश्वास आहे.

ही नोकरीची गोष्ट झाली. पण इंजिनिअरिंगची सीईटीही हेच प्राधिकरण घेतं. एप्रिल २०२५ मध्ये बिदरच्या एका केंद्रावर पोराला जानवं काढायला सांगितलं. तो काढेना. गणिताचा पेपर हुकला. बोंबाबोंब झाल्यावर सरकारने पर्याय पुढे केला: फेरपरीक्षा दे, नाहीतर भौतिक आणि रसायनच्या गुणांवरून गणिताचे गुण घे. हे वाचून आमचे शेजारी अप्पा चहाचा कप हातात धरून तसेच बसले. “गणिताच्या क्लासपायी मी दोन एकर गहाण टाकलं,” ते म्हणाले, “ते रसायनमधून निघतं, हे आधी कुणी सांगायचं नाही व्हय?”

पोराची झडती बाहीपासून बुटापर्यंत होते. पेपराची मात्र पोरं बाहेर आल्यावर. २०२४ च्या आमच्या सीईटीत अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न निघाले, शेवटी ५० प्रश्न वगळून गुण मोजले. पलीकडे महाराष्ट्राला वाटलं असेल, आपण मागे का राहावं. २०२५ च्या सीईटीत गणिताच्या एका पेपरात २१ प्रश्न चुकीचे निघाले आणि ५ मे रोजी पोरांना पुन्हा बसवलं. सीमाप्रश्न काही मिटत नाही, पण या एका बाबतीत दोन्ही राज्यांचं छान जमतं.

राष्ट्रीय पातळीवर काम अर्थातच मोठं असतं. २०२४ च्या नीटमध्ये ६७ जणांना ७२० पैकी ७२०. त्यांतले ४४ पैकीच्या पैकीवर पोचले ते भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नामुळे. जुन्या पाठ्यपुस्तकाचं उत्तर निराळं, म्हणून दोन्ही उत्तरं बरोबर धरली होती. मग परीक्षेत वेळ वाया गेला म्हणून काहींना दिलेले वाढीव गुण काढले, ६१ उरले. सुप्रीम कोर्टाने आयआयटीची समिती नेमली, तिने एकच उत्तर बरोबर ठरवलं, १७ उरले. दोन महिनेही झाले नाहीत तोवर पन्नास जणांचा पहिला नंबर गेला. पोरं तीच, मेंदू तेच.

एवढं करून डॉक्टर झालात की पुढे पदव्युत्तर नीट. २०२३ मध्ये जागा रिकाम्या राहायला लागल्या, तेव्हा केंद्राने तिची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. म्हणजे सगळ्यांत खालचासुद्धा पात्र. दारात एका गुणासाठी रक्त आटवायचं आणि माडीवर सतरंजी अंथरून या बसा म्हणायचं, ही तऱ्हा जगात दुसरीकडे सापडेल असं वाटत नाही. अमेरिकेत कोविडच्या काळात बड्या विद्यापीठांनी सॅट ऐच्छिक केली. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. तिथे निदान परीक्षा हवी की नको यावर वाद होतो. आमच्याकडे वाद बाहीच्या लांबीचा.

अप्पांनी यंदा धाकट्याला लातूरला घातलाय. क्लासच्या फॉर्मवर ‘अपेक्षित गुण’ असा रकाना होता. अप्पांनी तिथे ७१९ लिहिले.

“अप्पा, एका प्रश्नाला चार गुण, चुकला तर एक वजा. ७१९ हिशेबातच बसत नाहीत.”

“२०२४ ला बसले होते की,” अप्पा म्हणाले. “ते वाढीव का काय ते देऊन. अन् ७२० लिहायची भीती वाटते बघा. सीबीआय दारात यायची.”