आकाशाचे गुण

महाराष्ट्रात गावाचा कार्बन कमी करण्याचं काम २ ऑक्टोबर २०२० पासून पंचमहाभूतांवर सोपवलेलं आहे. ‘माझी वसुंधरा’ अभियानात ग्रामपंचायतींना भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश यांवर गुण मिळतात. अग्नी म्हणजे ऊर्जा, आकाश म्हणजे जनजागृती. जनजागृती हवेतच राहते, हे सरकारला आधीच ठाऊक असावं.

पर्यावरण राखण्याच्या शपथेलाही गुण आहेत. ती घ्यायला डिझेल लागत नाही.

केरळातल्या वायनाडमधली मीनंगाडी पंचायत मात्र भलतीच हिशेबी. तिने २०१६ साली कार्बन-संतुलनाचा विडा उचलला, आधी उत्सर्जन मोजलं, मग चक्क झाडं गहाण ठेवून घेतली: झाडामागे वर्षाला ५० रुपये, बिनव्याजी. कर्ज फेडायचं ते झाड तोडलं तरच!

आपल्याकडे रोपासोबत सरपंचांचा फोटो निघतो. खड्डा बहुधा गेल्या वर्षीचाच असतो.