रेन म्हणजे पाऊस नव्हे

साधा वटवट्या मला साधा वाटत नाही. त्याच्या शास्त्रीय नावातही त्याला साधाच ठरवून टाकलं आहे, याचा मला मनापासून राग येतो. प्रिनिया इनॉर्नाटा. इनॉर्नाटा म्हणजे अलंकार नसलेली. हे नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी 1832 साली दिलं. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरणारा हा लष्करी अधिकारी. फिरता फिरता त्यानं इथल्या पक्ष्यांची यादी केली आणि ती लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे ठेवली. म्हणजे हा पक्षी शास्त्राला ठाऊक झाला तो आपल्याच मुलखातून, आणि त्याच्या वाट्याला आलं ते हे नाव!

पावसाळ्यात हाच पक्षी करडट दिसतो, शेपूट आखूड असते. हिवाळ्यात अंगावर तांबूस छटा चढते आणि शेपूट लांबते. ऋतूप्रमाणे पेहराव बदलणाऱ्याला बिनदागिन्याचा म्हणायचं, हा कुठला न्याय?

राखी वटवट्याचं नावही साइक्सनंच त्याच वर्षी ठेवलं: प्रिनिया सोशालिस. सोशालिस म्हणजे संगतीप्रिय, मिळूनमिसळून राहणारा. प्रत्यक्षात हा पक्षी एकेकटा किंवा जोडीनं दिसतो. विणीच्या दिवसांत नर झुडपाच्या शेंड्यावर बसून आपली हद्द ओरडून जाहीर करतो. त्याच्याजवळ सांगण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं. एका झुडपातून दुसऱ्यात जाताना त्याच्याकडून चट् चट् असा आवाज येतो, विजेच्या तारेची ठिणगी उडावी तसा. शिंप्यासारखीच पानं टाचून तो त्यात घरटं करतो, आणि आतली अंडी विटकरी लाल, इतकी चकचकीत की रंग देऊन वर पॉलिश केल्यासारखी वाटतात. यातलं काहीही नावात यायला काय हरकत होती?

पहिलं नाव, प्रिनिया, मात्र मला आवडतं. थॉमस हॉर्सफील्ड यांनी 1821 मध्ये ते जावा बेटावरच्या स्थानिक नावावरून घेतलं. तिथल्या माणसांना विचारून घेतलेलं नाव आहे ते. दख्खनमध्येही गुराखी होते, शेतकरी होते. त्यांनाही विचारता आलं असतं. मुलखाचं नाव पक्ष्याला द्यायचं साइक्सला सुचत नव्हतं असंही नाही. एका रातव्याला त्यानं त्याच 1832 मध्ये कॅप्रिमल्गस मऱ्हाट्टेन्सिस म्हटलं, मराठी मुलखातला म्हणून. तो रातवा मूळचा वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशातला, इकडे हिवाळ्यापुरता येणारा. पाहुण्याला मराठी म्हणायचं आणि बांधाबांधावर बारा महिने राहणाऱ्या वटवट्याला बिनअलंकाराचा! शिवाय कॅप्रिमल्गस म्हणजे शेळ्यांचं दूध पिणारा. किडे खाऊन जगणाऱ्या पक्ष्यावर हा जुना आळ शास्त्रीय नावातून अजून चालूच आहे.

आता खरा रेन, म्हणजे इंग्रजीतला wren; जुन्या इंग्रजी पुस्तकांनी त्याचंच नाव वटवट्यांना चिकटवलं होतं. तो महाराष्ट्रात नाही, हिमालयात आहे. युरोपातही तो बहुतेक ठिकाणी दिसतो. जेमतेम दहा ग्रॅमचा तपकिरी पक्षी, पण आवाज दणदणीत. त्याचं नाव ट्रोग्लोडायटीस ट्रोग्लोडायटीस, म्हणजे बिळात शिरणारा, गुहेत राहणारा, तेही दोनदा. कपारीत शिरून किडे शोधतो आणि घुमटासारखं बंद घरटं बांधतो, म्हणून एकदा म्हटलेलं मी मान्य करतो. काश्मीरकडच्या उपजातीला ब्रुक्स यांनी 1872 मध्ये तिसरं नाव जोडलं: नेग्लेक्टस, दुर्लक्षित. ज्यांचं दुर्लक्ष झालं त्यांनी ते पक्ष्याच्या नावावर मांडलं. आणि गुहेत न राहणाऱ्या चिंपांझीचंही नाव पॅन ट्रोग्लोडायटीस!

वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे गुहेचं नाव जास्तच टोचतं. आमच्याकडे कातळाच्या कपारीला, जुन्या दरवाजांच्या कमानींना थुंकीनं पिसं नि काड्या चिकटवून घरटी करते ती घर पाकोळी. तिचं नाव एपस ॲफिनिस. एपस म्हणजे पाय नसलेला. तिला पाय आहेत. आखूड आहेत, पण त्याच पायांच्या नख्यांनी ती उभ्या दगडाला धरून राहते.

पूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांत, सलीम अलींच्या 1941 च्या पुस्तकातही, आपल्या वटवट्यांना ‘रेन-वॉर्बलर’ म्हणत. रेनशी त्यांचं नातं नाही, कुळंच वेगळी. फक्त लहान चण आणि उभारलेली शेपटी सारखी. हे जुनं नाव कुणीतरी उचललं आणि शहरातल्या एका तळ्याकाठच्या फलकावर राखी वटवट्याच्या चित्राखाली ‘पावसाळी वटवट्या’ असं छापलं. पक्षी ‘रेन’ (wren) आणि पाऊस ‘रेन’ (rain) देवनागरीत सारखेच दिसतात, म्हणून पाऊस! त्याखालचं शास्त्रीय नाव अर्धंच, तेही अर्थाविना. वटवट्या पावसाळ्यात घरटं करतो, त्यामुळे वाचणाऱ्याला हे पटतंसुद्धा आणि चूक पक्की होते. शाळेची पोरं तिथे उभी राहून ते वहीत उतरवून घेतात, हे मी पाहिलं आहे. मी लेखी तक्रार दिली. फलक आहे तिथेच आहे.

साइक्सचं नाव बदलता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचं कलम 18 सांगतं की अर्थ जुळत नाही किंवा तोच शब्द दोनदा आला, एवढ्यावरून नाव बाद होत नाही. ठीक आहे. फलक मात्र कोणत्याही संहितेनं बांधलेला नाही. त्यावर लिहा: राखी वटवट्या, प्रिनिया सोशालिस, पहिला शब्द जावातला, दुसऱ्याचा अर्थ संगतीप्रिय, 1832 मध्ये साइक्सनं दख्खनमधून नोंदवला, अंडी विटकरी लाल, उडताना चट् चट् ऐका.